कारणे न दाखवणारा माणूस

गोविंदरावांना आयुष्यात एकदा तरी वाईट माणूस व्हायचं होतं. फार वाईट नाही, अर्धवट. तेही अर्धा तास, सिंगापूरच्या टॅम्पिनीसमधल्या एका सभागृहात, गणपतीच्या कार्यक्रमात, कमिटीची परवानगी घेऊन. आता इतक्या बेताच्या वाईटपणात अडचण ती काय यावी? पण जन्मभर सरळ वागलेल्या माणसाला वाकडं पाऊल टाकू देणं लोकांना परवडत नाही. सगळे मिळून त्याला हाताला धरून परत सरळ रस्त्यावर आणून सोडतात.

गोविंदराव मूळचे मिरजेचे. तरुणपणी तिथल्या एका थेटरात रविवारी सकाळी स्वस्तात इंग्रजी सिनेमे लागायचे. गोविंदरावांचं इंग्रजी तेव्हा अर्जापुरतं होतं. प्रेमाच्या सिनेमात नायक-नायिका इतकं बोलायची, की मध्यंतरापर्यंत त्यांचं लग्न ठरलंय का मोडलंय हेच यांना कळायचं नाही. घोड्यांच्या आणि पिस्तुलांच्या सिनेमात ती भानगड नव्हती. तिथला नायक बोलायचाच नाही. दाढी वाढलेला, अंगावर धुळीने भरलेलं घोंगडं, तोंडात कसली तरी काडी, डोळे बारीक. गावात येतो, लोक हातापाया पडतात, तर हो म्हणत नाही का नाही म्हणत नाही. मग सगळ्या दुष्टांना लोळवतो, आणि गाव आनंदाने नाचत असताना दुष्टांची थैली स्वतःच्या घोड्याला बांधून चालू लागतो. एखादी बाई विचारते, "तुम्ही आमच्यासाठी हे का केलंत?" तो डोंगराकडे बघतो. संपला सिनेमा.

हा माणूस चांगला का वाईट, यावर कचेरीतल्या मित्रांचा चहाच्या वेळी वाद व्हायचा. गोविंदराव वादात पडत नसत. त्यांना त्या माणसाची एकच गोष्ट हवी होती. त्याला कुणी कारण विचारत नाही, आणि विचारलं तर तो सांगत नाही.

याचं मोल कळायला पाणीपट्टी विभागात नोकरी करावी लागते. गोविंदरावांची अख्खी नोकरी 'कारणे दाखवा' या दोन शब्दांखाली गेली. उशीर का झाला, कारणे दाखवा. नळ का फुटला, कारणे दाखवा. एकदा टाकीत कावळा पडला, तर तो का पडला याचाही खुलासा हेडक्लार्क म्हणून गोविंदरावांनीच सादर केला. कावळ्याच्या वतीने. पुढे पुढे तर सवयच जडली. कुणी न विचारताच ते कारणं देऊ लागले. सिंगापूरला मुलाकडे आल्यावर लिफ्टमध्ये अनोळखी चिनी बाईलाही ते सांगत, "नाइन्थ फ्लोअर, बिकॉज माय सन लिव्ह्ज देअर." बाई घाबरून भिंतीकडे सरकत असे.

तर त्या साली, म्हणजे २०१५च्या भाद्रपदात, टॅम्पिनीसच्या मराठी कट्ट्याने गणपतीत नाटिका करायची ठरवली. कट्टा म्हणजे पंधरा-वीस कुटुंबं. त्याचा सेक्रेटरी अनिमेष हा पुण्याचा आयटीतला मॅनेजर. सगळ्यांचं बोलणं ऐकून घ्यायचा आणि शेवटी सगळ्यांचं थोडं थोडं मान्य करायचा. त्याने विषय विचारले, तेव्हा गोविंदरावांनी भीत भीत आपली गोष्ट मांडली. तहानलेलं गाव, विहीर अडवून बसलेला डाकू, आणि एक अनामिक येतो.

"काका, जबरदस्त!" अनिमेष म्हणाला. "मराठी वेस्टर्न! अनामिक तुम्हीच करायचा."

गोविंदराव घरी आले ते जमिनीपासून चार बोटं वरून चालत. पत्नी विमलताई भेंडी चिरत होत्या.

"अनामिक मी करतोय," गोविंदराव शक्य तितक्या कमी शब्दांत म्हणाले.

"तो काय करतो?"

"डाकूला मारतो. आणि थैली घेऊन निघून जातो. कुणाला काही सांगत नाही."

विमलताईंची सुरी थांबली. मग त्या हसायला लागल्या. भेंडी बाजूला ठेवून हसल्या. "तुम्ही? अहो, रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी तुम्ही बटण दाबून सिग्नलमधला हिरवा माणूस दिसेपर्यंत उभे असता! आणि दिसला की त्याला थँक्यू म्हणता!"

"एकदाच म्हणालो होतो."

"का म्हणालात तेही मला सांगितलं होतंत, घरी येईपर्यंत."

गोविंदरावांना हे लागलं. लग्नाला चाळिसावर वर्षं होऊन गेली, पण या बाईला आपल्याविषयी कधी, 'हा माणूस आता काय करील सांगता येत नाही,' असं क्षणभरही वाटलेलं नाही, हे त्यांच्या त्या दिवशी लक्षात आलं. आता नाटिका नुसती नाटिका राहिली नाही. विमलताई समोर बसलेल्या असताना ती थैली उचलून, एक शब्द न बोलता चालतं व्हायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

कमिटीच्या पहिल्याच बैठकीत थैलीला हरकत आली.

"काका, समोर बाप्पा, पुढे लहान मुलं. हीरो चोरी करतो हे बरं दिसत नाही," अनिमेष म्हणाला. "थैली त्याने गावाला द्यावी."

"मग तो अर्धवट वाईट कसा राहील?"

"थोडं ग्रे ठेवू ना आपण. दाढी राहू द्या."

दुसऱ्या बैठकीत थैली गावातल्या शाळेला गेली. तिसऱ्या बैठकीत अनामिकाने डाकूला मारायचं नाही, नुसतं घाबरवायचं, आणि डाकूने सुधारायचं असं ठरलं; कारण डाकू करणारा प्रबोध ऑफिसात कुणाकुणाचा वरिष्ठ होता आणि त्याचे कनिष्ठ सहकुटुंब येणार होते. चौथ्या बैठकीत अनामिकाने शेवटी पुढे येऊन पाणी जपून वापरण्याचा संदेश द्यावा अशी सूचना आली. चार वाक्यांचा. त्यात, 'मी हे का केलं? कारण पाणी हे जीवन आहे,' असं वाक्य होतं.

"का केलं ते तो सांगतो?" गोविंदरावांचा आवाज चिरकला.

"मेसेज हवा, काका. नाहीतर लोक म्हणतात, यातून काय घ्यायचं?"

"पूर्वी तो थैली घ्यायचा," गोविंदराव म्हणाले. पण ते इतक्या हळू, की टिपणात आलं नाही.

अशा वेळी धीर दिला तो खालच्या अंकल लिमनी. हे सत्तरीतले चिनी गृहस्थ इमारतीखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलाशी कॉफी घेऊन बसायचे. तरुणपणी त्यांच्या खेड्यात पडद्यावर उघड्यावर सिनेमे दाखवत, आणि त्यांनी हेच सगळे सिनेमे गोविंदरावांइतकेच काही न समजता पाहिले होते. गोविंदरावांनी डोळे बारीक करून दाखवले, तेव्हा अंकलनी कप खाली ठेवला.

"काउबॉय?" त्यांनी विचारलं.

गोविंदरावांनी मान हलवली. अंकलनीही डोळे बारीक केले. मग रोज ते दोघे समोरासमोर बसून एकमेकांकडे तसेच बघत. येणारे-जाणारे वाट सोडून लांबून जात.

त्यात हेझ आला. शेजारच्या देशातल्या जंगलांच्या आगींचा हा धूर दरवर्षी थोडाफार यायचा, पण त्या साली त्याने सिंगापूर पार झाकून टाकलं. समोरची इमारत दिसेना. लोक तोंडाला मास्क बांधून डाकूंसारखे बसस्टॉपवर उभे. निमिष, म्हणजे गोविंदरावांचा मुलगा, आणि सूनबाई मधुवंती सतत मोबाइलवर हवेचा आकडा बघून उसासे टाकायची. गोविंदराव मात्र खूश होते. धूळ, धुराळा, चुरचुरणारे डोळे. जे सिनेमावाल्यांना वाळवंटात जाऊन मिळवावं लागतं ते त्यांना इमारतीखाली मिळत होतं.

अंकलचा सल्ला मोजका असे. "स्मोक," ते तोंडाशी बोट नेत म्हणाले. सिगार हवा. सभागृहात सिगार ओढायची बंदी, आणि गोविंदरावांनी जन्मात विडी ओढलेली नव्हती. मधुवंतीच्या मसाल्याच्या डब्यातली दालचिनीची जाड काडी त्यांनी तोंडात धरली. पहिल्या दिवशी जीभ इतकी पोळली की ते खरोखरच कमी बोलू लागले.

मग पिस्तुलाचा प्रश्न आला. नात अवनीची पाण्याची बंदूक होती, पण ती हिरवी-नारिंगी आणि आरपार दिसणारी. "काळा रंग देऊ," गोविंदराव म्हणाले.

"कॅनॉट लाह, आजोबा," अवनी म्हणाली. "पोलीस विल कम."

नात म्हणाली त्यात तथ्य होतं. खऱ्यासारखं दिसणारं खोटं पिस्तूलसुद्धा इथे परवानगीवाचून बाळगता येत नाही, असं अनिमेषनेही सांगितलं. पण हे त्याने सांगितलं ते जरा उशिरा. तोवर गोविंदरावांनी पुण्याला फोन केला होता. मधुवंतीच्या आई, संजीवनीबाई, म्हणजे यांच्या विहीणबाई, गणपतीला लेकीकडे यायच्या होत्या. गोविंदरावांनी त्यांना दिवाळीतलं टिकल्या उडवायचं पिस्तूल आणायला सांगितलं. बिनटिकल्यांचं, हे बजावून.

संजीवनीबाई व्यवस्थित बाई. पिस्तूल मोठ्या बॅगेत मोडेल म्हणून त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं, चकलीच्या डब्याशेजारी. पुढे निघताना तपासणीत काय झालं ते त्यांनी सिंगापूरला उतरल्यावर सांगितलं. एकदा विमानतळावर, एकदा टॅक्सीत, आणि घरी आल्यावर सगळे बसले असताना पहिल्यापासून.

"मला म्हणाले, बाजूला या. माझ्यासारख्या रिटायर्ड मुख्याध्यापिकेला! म्हणाले, हे कशाला? मी म्हटलं, आमचे व्याही डाकू मारणार आहेत. मग त्यांनी आणखी एकाला बोलावलं, आणि पिस्तूल ठेवूनच घेतलं."

"विहीणबाई, मी फार दिलगीर आहे. त्याचं कारण असं, की..." गोविंदरावांनी सुरुवात केली.

"असू द्या हो," संजीवनीबाई गोड हसून म्हणाल्या. हे 'असू द्या' कोणत्या जातीचं असतं, ते ज्यांना विहीण आहे त्यांना सांगायला नको.

आणि लगेच, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, त्यांनी विचारलं, "मागच्या खेपेला जावईबापूंना आणलेली सोलापुरी चादर कुठे दिसत नाही? मोरांची?"

एसीचा आवाज ऐकू येऊ लागला.

याचं कारण आदल्याच दिवशी घडलं होतं. अनामिकाला घोंगडं पाहिजे. गोविंदरावांनी मधोमध भोक पाडून डोक्यातून घालायला इस्त्रीखाली अंथरायची जुनी सोलापुरी चादर हेरून ठेवली होती. ती कपाटाच्या खालच्या कप्प्यात असायची. पण विहीणबाई येणार, त्यांची चादर पलंगावर दिसायला हवी, म्हणून विमलताईंनी ती इस्त्री करायला म्हणून नेमकी त्याच कप्प्यात ठेवली होती. दोन्ही चादरी हिरव्यागार, घड्या सारख्या. गोविंदरावांनी वरची ओढली.

बरं, भोकही धड पाडलं नाही. शर्टाच्या कॉलरचं माप घेऊन तेवढी ताटली चादरीच्या मध्यावर ठेवून गोल आखला, कापला, आणि मग लक्षात आलं की गळा जातो पण गळ्याच्या आधी डोकं जावं लागतं. मग आणखी कापलं. विमलताई आत आल्या तेव्हा गोविंदराव आरशासमोर उभे होते, आणि त्यांच्या छातीवर डोकं नसलेला एक मोर नाचत होता.

विमलताई किंचाळल्या नाहीत. त्या पलंगावर बसल्या. "अहो, ही विहीणबाईंची," एवढंच म्हणाल्या.

"पण ती तर इस्त्रीची... त्याचं कारण असं झालं, की मी..."

"कारण नका सांगू. काढा ती." विमलताईंनी चादर हातात घेतली, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिली. एका कोपऱ्याशी त्या जरा जास्तच वेळ रेंगाळल्या. मग घडी घालून त्यांच्या हातात परत दिली. "घाला तीच. आता काय उरलंय!"

"काठ तरी शिवून देतेस? दोरे निघताहेत."

"मी टाका घालणार नाही. तुम्ही कापलंय, तुम्ही निस्तरा."

आणि आता संजीवनीबाई विचारत होत्या. गोविंदराव तोंड उघडणार, तोच विमलताई शांतपणे म्हणाल्या, "ड्रायक्लीनिंगला टाकलीय."

गोविंदराव बघतच राहिले. या बाईला आपण ओळखतो असं त्यांनाही इतकी वर्षं वाटत होतं.

पिस्तुलावर उपाय मधुवंतीने काढला. काळी, आखूड, घडीची छत्री. मुठीवरचं बटण दाबलं की फटकन उघडणारी. घडी मिटलेली असताना लांबून पिस्तुलासारखी दिसायची. "फक्त बटणाला हात लावू नका, बाबा," ती म्हणाली. छत्रीसाठी निमिषच्या जुन्या कॅमेऱ्याचं कातडी कव्हर कमरेला बांधलं. हॅट अंकल लिमनी दिली. ती मासेमारीची होती आणि तिला तसा वास येत होता, पण कड बरोबर होती.

कार्यक्रम खरं तर इमारतीखाली व्हायचा होता. हेझमुळे तो रस्त्यापलीकडच्या सभागृहात हलवला. जागा बदलली म्हणून पुन्हा अर्ज करावा लागला, आणि अर्जात 'कार्यक्रमाचं स्वरूप' या रकान्यात अनिमेषने 'जलसाक्षरता' असं लिहून टाकलं. गोविंदरावांना ते कळलं तेव्हा ते बराच वेळ दालचिनी चघळत बसले. एका थैलीवाल्या अर्धवट वाईट माणसाची जलसाक्षरता झाली होती.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं. पुढच्या रांगेत विमलताई, त्यांच्याशेजारी संजीवनीबाई, टोकाला आमंत्रणावरून आलेले अंकल लिम. विंगेत गोविंदराव हॅट, दाढी, दालचिनी आणि पाठीशी घडी करून लपवलेली चादर घेऊन उभे. ती अंगात घालण्याचा क्षण त्यांनी शेवटपर्यंत लांबवला होता. दुसरं काही होतं का, म्हणून त्यांनी विंगेत शोधलंसुद्धा. एक सतरंजी होती, पण तिच्यावर वादक बसले होते.

पडदा उघडला. गाव रडलं. डाकू प्रबोध गडगडाटी हसला. अनामिक आला.

पहिल्याच पावलाला गोविंदरावांनी पुढच्या रांगेत पाहिलं. संजीवनीबाई मोराकडे बघत होत्या. बिनडोक्याच्या मोराकडे. मग त्यांची मान विमलताईंकडे वळली, आणि परत मोराकडे.

"कोण आहेस तू?" प्रबोध गरजला.

गोविंदराव बोलले नाहीत. हे त्यांनी ठरवूनच केलं होतं. तो माणूस पहिल्या प्रश्नाला कधीच उत्तर देत नाही. त्यांनी काडी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि डोळे बारीक केले. पण प्रबोधला वाटलं, काका वाक्य विसरले.

"कोण आहेस तू?" त्याने पुन्हा विचारलं, जरा काळजीने.

"'मी वाटसरू'..." विंगेतून मधुवंती कुजबुजली.

गोविंदराव गप्प.

"'मी वाटसरू'! बाबा!" आता ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. पहिल्या रांगेतल्या एका सद्गृहस्थाने आपणहून सांगितलं, "वाटसरू म्हणा, वाटसरू." चार-पाच मुलांनी एका सुरात "वाटसरू!" असा घोष केला. अनिमेष बाजूने पाण्याचा ग्लास घेऊन आला, तहानलेल्या गावातून सरळ चालत, आणि अनामिकाला देऊन गेला.

माणसाला स्वस्थ गप्प बसू देत नाहीत! गोविंदरावांनी संतापाने कमरेला हात घातला आणि छत्री उपसली. अंगठा बटणावर पडला.

फाट्!

छत्री प्रबोधच्या तोंडावर उघडली. तालमीत हे झालेलं नसल्यामुळे प्रबोध खराखुरा किंचाळला, दोन पावलं मागे गेला, पुठ्ठ्याच्या विहिरीला अडखळला आणि आत पडला. विहीर फाटली. वरिष्ठ असे पाय वर करून पडलेले पाहून त्याचे कनिष्ठ उभे राहून टाळ्या वाजवू लागले. अंकल लिमनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

टाळ्या ओसरल्या. आता थैली गावाच्या स्वाधीन करायची आणि चार वाक्यं बोलायची. गोविंदरावांनी थैली उचलली. अनिमेष विंगेतून हातवारे करत होता: पुढे या, मेसेज, मेसेज. संजीवनीबाई हाताची घडी घालून वाट बघत होत्या. संदेश झाला की पडदा पडणार, पडदा पडला की त्या विचारणार, आणि मग पिस्तुलाचा खुलासा, चादरीचा खुलासा, ड्रायक्लीनिंगचा खुलासा. आणि विमलताई? त्यांच्या चेहऱ्यावर तीच जुनी खात्री होती. हे आता पुढे येतील, आणि पाणी हे जीवन आहे असं सांगतील.

गोविंदराव पुढे आले. तोंड उघडलं. काडी खाली पडली.

मग त्यांनी थैली खांद्यावर टाकली, पायऱ्या उतरले आणि दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांमधून, कुणाकडेही न बघता, सभागृहाच्या दाराबाहेर चालते झाले.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. पाठीमागे टाळ्यांचा कडकडाट झाला तो त्यांनी रस्त्यावर ऐकला.

बाहेर धुरात दिवे पिवळे पडले होते. रस्ता ओस. मासेमारीची हॅट, फाटका मोर, खांद्यावर थैली. गोविंदरावांच्या अंगावर काटा आला. हाच तो शेवट. मिरजेच्या थेटरात कितीतरी रविवारी पाहिलेला. ते चालत सुटले, सिग्नलपाशी आले, बटण दाबलं आणि हिरव्या माणसाची वाट बघत उभे राहिले.

आणि म्हणूनच सापडले.

"अहो!" विमलताई धापा टाकत आल्या. "प्रसाद घेऊन पळालात!"

"थैली आहे ती. डाकूची."

"थैली फुगेना म्हणून मधुवंतीने प्रसादाच्या नारळवड्यांची पाकिटं कोंबलीत तिच्यात! तिकडे आरती खोळंबलीय. नैवेद्य नाही!"

गोविंदरावांनी थैलीत हात घातला. वड्या होत्या. म्हणजे त्यांनी खरोखरच चोरी केली होती, तीही देवाघरची. अर्धवट वाईटाच्या जरा पुढेच गेले होते. त्यांनी घाईने हात बाहेर काढला, आणि मनात कुठेतरी त्यांना थोडं बरंही वाटलं.

तोच मागून संजीवनीबाई आल्या. मास्क लावलेला, पदर कमरेला. त्यांनी मास्क खाली ओढला.

"गोविंदराव," त्या मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या, "ही चादर माझ्या सोलापूरच्या माहेराहून, खास जावईबापूंसाठी, मुद्दाम सांगून विणून घेतलेली..."

विमलताईंनी त्यांना पुरं बोलू दिलं नाही. पण त्या बोलल्याही नाहीत. त्यांनी नवऱ्याच्या अंगावरच्या चादरीचा खालचा कोपरा नुसता उचलला आणि दिव्यासमोर धरला. कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन बारीक टाके होते.

गोविंदरावांनी ते टाके ओळखले. निमिषच्या लग्नात विमलताईंनी आहेराच्या चादरींचा गठ्ठा आणला होता. त्यातल्या उंची चादरी मुलीकडच्या मानकऱ्यांसाठी बाजूला काढून, चुकून दुसऱ्या कुणाला जाऊ नयेत म्हणून, प्रत्येकीच्या कोपऱ्यात त्यांनी रात्री जागून लाल दोऱ्याचे टाके घातले होते. सर्वांत चांगली, मोरांची, विहीणबाईंना दिली होती. तीच फिरून जावयाकडे आली होती. सोलापूरच्या माहेराहून.

संजीवनीबाईंनी टाके पाहिले. त्यांनाही सगळं उमगलं. संजीवनीबाईंनी विमलताईंकडे पाहिलं, विमलताईंनी गोविंदरावांकडे, गोविंदरावांनी संजीवनीबाईंकडे. हेझ डोळ्यांत जात होता, म्हणून तिघांचेही डोळे बारीक झालेले. प्रत्येकाकडे दुसऱ्यावर झाडायला एकेक गोळी होती: भोक, ड्रायक्लीनिंग, लाल दोरा. जो आधी बोलेल त्याने बाकीच्या दोन झेलायच्या. सिग्नलमध्ये हिरवा माणूस आला, चालला, लुकलुकला आणि गेला. तिघं जागची हलली नाहीत.

शेवटी संजीवनीबाईंनी थैलीत हात घातला. एक पाकीट काढलं, फोडलं. एक वडी विमलताईंपुढे धरली, एक गोविंदरावांपुढे. एक स्वतः घेतली.

"अजून नैवेद्य नाही दाखवला," गोविंदराव पुटपुटले.

विमलताईंनी रिकाम्या रस्त्याकडे एकदा पाहिलं आणि वडी तोंडात टाकली. चाळीस वर्षं देवाआधी पाणीही न प्यायलेल्या बाईने! मग गोविंदरावांनीही खाल्ली. वडी चांगली झाली होती.

"काठ शिवून घ्या," चालता चालता संजीवनीबाई म्हणाल्या. "सुतं निघताहेत."

"उद्या बसू दोघी," विमलताई म्हणाल्या.

तिघं परत आली तेव्हा सभागृहात सगळे आरतीला उभे होते. अंकल लिमही हात जोडून उभे होते. अनिमेष धावत पुढे आला. "काका, लोक वेडे झालेत! पण मेसेज? कमिटी विचारतेय. अर्जात जलसाक्षरता लिहिलंय हो आपण. तुम्ही असे एकदम का निघून गेलात?"

सगळे गोविंदरावांकडे बघू लागले. आणि जन्मभराची सवय उसळून वर आली. कारणं तयारच होती, अगदी क्रमवार. पहिलं म्हणजे दिव्यांचा झोत डोळ्यांवर आला, दुसरं म्हणजे काडी पडली, तिसरं... त्यांनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे, अनिमेष..."

विमलताई मध्ये आल्या. त्यांनी थैली नवऱ्याच्या खांद्यावरून घेतली, बाप्पापुढे ठेवली आणि वळून अनिमेषला म्हणाल्या, "ते कारणं सांगत नसतात."

"हो ना," संजीवनीबाईंनी ओठांच्या कडेचा खोबऱ्याचा कीस टिपला. "स्वभावच आहे त्यांचा. घ्या, आरती म्हणा."

टाळ वाजू लागले. सभागृहाला एसी होता, दारं घट्ट लावलेली होती, हेझ बाहेर राहिला होता. तरीही गोविंदरावांचे डोळे बारीक झाले ते आरती संपेपर्यंत तसेच राहिले. का, ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.